लँबेथचे गुरुबंधु

लोखंडी सामानाच्या एका दुकानांतून बोल्ट घ्यावा, दुसऱ्या दुकानांतून त्याच मापाची चाकी घ्यावी, आणि ती चाकी त्या बोल्टावर बोटानें फिरवतांच बिनतक्रार बसावी, ही गोष्ट आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत कांहीं नवल आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, यंत्रविद्येंत अग्रेसर म्हणविणाऱ्या इंग्लंडांत सुद्धां, ही सोय नव्हती. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. इतकेंच नव्हे तर एकाच कारखान्यांतील प्रत्येक चाकी आपल्या एका विवक्षित बोल्टापुरतीच केलेली असे. यंत्र सोडवावयाचें झाल्यास प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे. आणि खुणा चुकून जोड्या एकमेकींत मिसळल्या, तर त्या पुन्हां जुळवितां जुळवितां कारागिरांचे दिवसचे दिवस फुकट जात. हा घोटाळा ज्यांनीं मिटविला ते सर्व लोक एकाच कारखान्याच्या बांकावर शेजारीं शेजारीं उभे राहून काम शिकलेले होते. त्यांची हकीकत जितकी यंत्रांची आहे तितकीच ती विद्येच्या देवघेवीची आहे.

त्या काळीं कारागिराचें कसब हेंच त्याचें वतन होतें. १५६३ सालच्या कायद्यान्वयें सात वर्षें उमेदवारी केल्यावांचून कोणास धंदा करण्याचा अधिकार नसे. ही अट १८१४ सालीं रद्द झाली. आपल्याकडील गवई ज्याप्रमाणें ठेवणींतील चीज शिष्याला सहजासहजीं देत नसत, त्याचप्रमाणें तिकडील यंत्रकार पोलादाला पाणी देण्याची किंवा आटे पाडण्याची आपली हातोटी मुलाला अगर आवडत्या उमेदवाराला तेवढी सांगत. सरकारचें धोरणहि याच वळणाचें होतें. कुशल कारागिरानें परदेशीं जाऊन धंदा करणें हा १८२४ सालापर्यंत गुन्हा होता, आणि कांहीं प्रकारचीं यंत्रें परदेशीं पाठविण्याची बंदी तर १८४३ सालींच उठली. विद्या दुसऱ्याला दिली म्हणजे आपली कमी होते, असा त्या काळचा साधारण समज होता.

अशा काळांत, ता. २२ ऑगस्ट १७७१ रोजीं, वुलिच येथें हेन्री मॉड्स्ले याचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षीं तो तेथील शस्त्रागारांत काडतुसांत दारू भरण्याच्या कामावर लागला. पुढें त्याला सुताराच्या हाताखालीं घातलें. परंतु त्याचें लक्ष रंध्यापेक्षां शेजारच्या भात्याकडेच अधिक असे. अखेर तो लोहारशाळेंत आला आणि थोड्याच दिवसांत हलक्या व नाजूक कामांत त्याचा हात धरणारा कोणी उरला नाहीं. त्याची कीर्ति लंडनांतील जोसेफ ब्रामा या प्रख्यात कुलुपकाराच्या कानावर गेली आणि १७८९ सालीं, अवघ्या अठराव्या वर्षीं, मॉड्स्लेला तेथें बोलावणें आलें.

येथें एक अडचण उपस्थित झाली. मॉड्स्लेनें सात वर्षांची रीतसर उमेदवारी केलेली नव्हती. तेव्हां अशा पोरसवदा माणसाला बरोबरीचा कारागीर म्हणून जुने लोक आपल्यांत कसें घेणार? तेव्हां, असें सांगतात कीं, मॉड्स्लेनें स्वतःच तोड सुचविली. बांकावर एक झिजून निकामी झालेली लोखंडी पकड पडली होती. संध्याकाळीं सहाची घंटा होण्यापूर्वीं ती नव्यासारखी करून दिली तर आपणांस ठेवून घ्यावें, असें तो म्हणाला. त्यानें अंगरखा काढला, पकडीला नवे पोलादी जबडे जोडले, कानशीनें त्यांवर दांते पाडले आणि त्यांस पाणी देऊन घंटेपूर्वींच ती पुढें ठेवली. कागदोपत्रीं अधिकार नसला तरी हाताचा अधिकार दिसला, आणि त्या हाताला जुन्या कारागिरांनीं मान दिला.

ब्रामा हा मोठा बुद्धिमान गृहस्थ होता. १७८४ सालच्या त्याच्या कुलुपाची ख्याति अशी कीं, तें किल्लीवांचून उघडणारास २०० गिनी बक्षीस देण्याची जाहीर पाटी त्यानें आपल्या दुकानांत लावली होती; आणि १८५१ सालच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलुपकारानें ५१ तास खटपट करून तें उघडीपर्यंत हें आव्हान अबाधित होतें. हीं कुलुपें स्वस्त व बिनचूक व्हावीं म्हणून लागणारीं यंत्रें मुख्यतः मॉड्स्लेनें बनविलीं. तथापि आठ वर्षें नोकरी होऊन मुख्य कारागिराची जागा मिळाल्यावरहि त्याचा पगार आठवड्याला ३० शिलिंगच राहिला. संसार वाढला होता. त्यानें वाढ मागितली आणि ती तुसडेपणानें नाकारण्यांत आली. १७९७ सालीं त्यानें ब्रामाचा कारखाना सोडला आणि ऑक्सफर्ड रस्त्याजवळ वेल्स स्ट्रीटमध्यें लहानसें दुकान थाटलें. पहिलें काम आलें तें एका चित्रकाराच्या मोठ्या चित्रफलकाला लोखंडी घोडा करून देण्याचें.

याच सुमारास मॉड्स्लेनें लेथाला जें रूप दिलें तें पुढील सर्व यंत्रविद्येचा पाया ठरलें. पूर्वीं कातारी हत्यार हातांत धरून फिरत्या लोखंडावर टेकीत असे. काम सरळ उतरणें न उतरणें सर्वस्वीं त्याच्या मनगटावर अवलंबून राही. मॉड्स्लेनें तें हत्यार एका सरकत्या लोखंडी बैठकीवर घट्ट बसविलें, ती बैठक एका लांब स्क्रूनें पुढें सरकविली आणि तो स्क्रू दंतचक्रांनीं लेथाच्या मुख्य दांड्याशीं जोडला. चक्रें बदललीं कीं आट्यांचें अंतर बदले. सरकती बैठक अगदीं नवी कल्पना होती असें नाहीं. परंतु या तिन्ही गोष्टी लोखंडाच्या भक्कम सांगाड्यावर एकत्र आणून रोजच्या कामाला उपयोगी पडेल असें यंत्र त्यानें सिद्ध केलें. जुन्या लोकांनीं प्रथम या बैठकीची थट्टा करून तिला ‘पांगुळगाडा’ म्हटलें. ज्याच्या हातांत जोर नाहीं त्यानें ती वापरावी, असा त्यांचा रोख होता. या थट्टेंत भीतीचाहि अंश होता, आणि ती भीति अगदींच निराधार नव्हती, हें पुढें दिसून येईल.

मॉड्स्लेच्या दुकानाच्या खिडकींत ठेवलेल्या एका सुबक स्क्रूमुळेंच त्याची गांठ मार्क ब्रुनेल या फ्रेंच अभियंत्याशीं पडली, अशी आख्यायिका आहे. ब्रुनेल आपले नकाशे घेऊन आला. परंतु ते कशाचे, हें त्यानें सांगितलें नाहीं. दोन नकाशे पाहून होईपर्यंत मॉड्स्ले कांहीं बोलला नाहीं. तिसरा पाहतांच जहाजावरील दोरखंडाच्या कप्प्या करण्याचा हा बेत आहे, असें त्यानें ओळखलें. ज्याला सांगितल्यावांचून समजतें त्याच्यापासून लपविण्यांत अर्थ नाहीं, हें ब्रुनेल उमगला आणि तेथून दोघांचा व्यवहार मोकळेपणानें सुरू झाला. १८०२ ते १८०८ या काळांत मॉड्स्लेनें पोर्ट्समथच्या गोदीसाठीं ४५ यंत्रें तयार केलीं. पूर्वीं जें काम ११० कसबी माणसें करीत तें या यंत्रांवर १० साधीं माणसें करूं लागलीं, आणि वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघूं लागल्या.

१८१० सालीं मॉड्स्लेनें थेम्सच्या दक्षिणेस लँबेथ येथें मोठा कारखाना काढला. या कारखान्याचें वैशिष्ट्य तेथील बांकांवर दिसे. कारागिरांच्या जवळच अत्यंत सपाट केलेला लोखंडाचा पाट ठेवलेला असे. सपाटीचें काम कितपत साधलें हें पाहण्यासाठीं मुकादमाकडे धांव घेण्याचें कारण नव्हतें. पाटाला शेंदराचा पातळ लेप द्यावा, त्यावर आपला तुकडा हलकेंच फिरवावा. जेथें शेंदूर लागला तो उंचवटा समजावा. ही परीक्षा मुकादमालाहि तीच आणि कालच्या पोऱ्यालाहि तीच. मापांच्या बाबतींत मतभेद झाल्यास एक शेवटचें न्यायासन होतें. मॉड्स्लेच्या स्वतःच्या बांकावर सूक्ष्म माप घेण्याचें एक उपकरण असे. त्याच्या स्क्रूला इंचास १०० आटे आणि चाकावर १०० भाग, म्हणजे इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत फरक कळे. त्याच्या निकालावर अपील नाहीं, म्हणून कारखान्यांत त्याला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ असें नांव पडलें होतें. जेथें खरेंखोटें ठरविण्याचें साधन सर्वांसमोर मांडलेलें असतें तेथें वडीलपणाच्या जोरावर खोटें खपविणें कठीण होतें.

१८२९ सालच्या मे महिन्यांत एडिंबरोचा एकवीस वर्षांच्या आंतला एक तरुण वडिलांबरोबर या कारखान्याच्या दारांत आला. त्याचें नांव जेम्स नॅस्मिथ. बाप प्रसिद्ध चित्रकार. फी देऊन शिकावयास येणाऱ्या श्रीमंत मुलांचा मॉड्स्लेला फार वाईट अनुभव आला होता. असे उमेदवार आपण घेत नाहीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. तथापि पाहुण्यांस कारखाना मात्र आपुलकीनें दाखविला. बाष्पयंत्राच्या भट्टीजवळ एक माणूस राख ओढीत होता. हें काम मिळालें तरी मी धन्य होईन, अशा अर्थाचें नॅस्मिथ बोलून गेला. म्हाताऱ्यानें त्याच्याकडे वळून पाहिलें. हा मुलगा निराळ्या जातीचा आहे हें त्यानें ताडलें. नॅस्मिथनें आपल्या हातानें केलेलें बाष्पयंत्राचें लहान प्रतिरूप दुसऱ्या दिवशीं आणून दाखविलें, आणि मॉड्स्लेनें त्याला आपल्या खासगी कामाच्या खोलींत मदतनीस म्हणून घेतलें. आठवड्याला १० शिलिंग पगार ठरला; त्यांत भागावें म्हणून नॅस्मिथनें स्वतःची एक शेगडी बनवून तिच्यावर जेवण शिजविण्याची व्यवस्था केली. पुढें वाफेचा घण तयार करून हा गृहस्थ जगप्रसिद्ध झाला. परंतु म्हाताऱ्या मॉड्स्लेच्या शेजारीं उभें राहून घालविलेले दिवस त्यानें आत्मचरित्रांत ज्या कृतज्ञतेनें वर्णिले आहेत, ती पाहतां गुरुगृहीं राहिलेल्या शिष्याचीच आठवण होते.

नॅस्मिथच्या आधींहि अनेकजण येथून तयार होऊन गेले होते. वेल्सचा रिचर्ड रॉबर्ट्स येथें काम करून १८१६ सालीं मँचेस्टरला गेला आणि दुसऱ्याच वर्षीं त्यानें लोखंड रंधण्याचें यंत्र तयार केलें. विणकराचा मुलगा जोसेफ क्लेमंट येथून निघून स्वतःचा कारखाना काढता झाला आणि चार्ल्स बॅबेजच्या प्रसिद्ध गणकयंत्राचे भाग त्याच्याच हातून उतरले. १८२५ सालीं स्टॉकपोर्टचा जोसेफ व्हिट्वर्थ कामावर आला. त्याच्या शेजारच्या बांकावर जॉन हॅम्पसन नांवाचा यॉर्कशायरचा माणूस होता; सगळ्या कारखान्यांत त्याच्यासारखा कारागीर नाहीं असा त्याचा लौकिक होता. पूर्ण सपाट पृष्ठ करतां येईल, हें व्हिट्वर्थचें म्हणणें हॅम्पसनला पटत नव्हतें. व्हिट्वर्थ रात्रीं घरीं खपत राहिला, आणि एके दिवशीं सिद्ध झालेला पाट त्यानें या शेजाऱ्यालाच प्रथम दाखविला. हॅम्पसननें तो पारखला आणि साधलें म्हणून सांगितलें. या एका वाक्यापेक्षां मोठें प्रशस्तिपत्र व्हिट्वर्थला त्या वेळीं दुसरें कोणतें मिळणार होतें?

त्याची रीत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. दोन पाट एकमेकांवर घासले तर एक फुगीर व दुसरा खोलगट होऊनहि ते एकमेकांत बरोबर बसतात आणि सपाट आहेत असा भास होतो. तिसरा पाट घेतला कीं हें सोंग टिकत नाहीं. तिन्ही पाट आळीपाळीनें एकमेकांशीं ताडून पाहावे आणि जेथें शेंदूर लागेल तेथें धारदार हत्यारानें अगदीं थोडें खरडावें. तिघेहि परस्परांशीं सर्वत्र जुळले म्हणजे तिघेहि सपाट झाले. पूर्वीं कुरुंदाची पूड घालून पाट घासण्याची चाल होती; त्यानें काम बिघडतें, म्हणून खरडणेंच योग्य, असें व्हिट्वर्थनें ठरविलें. ही युक्ति पेटींत बंद करून तिच्यावर तो आयुष्यभर पैसा करूं शकला असता. परंतु १८४० सालीं ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढें त्यानें ती सविस्तर वाचून दाखविली.

मॉड्स्ले ता. १४ फेब्रुवारी १८३१ रोजीं वारला. वुलिच येथें त्याच्या थडग्यावर त्यानेंच आंखलेलें ओतीव लोखंडाचें स्मारक उभारण्यांत आलें. शिष्य चहूंकडे पांगले. १८३३ सालीं व्हिट्वर्थनें मँचेस्टरला पाटी लावली तींत आपण लंडनहून आलेले हत्यारकार आहों, असें मुद्दाम लिहिलें. मॉड्स्लेनें आपल्या कारखान्यापुरती आट्यांची एकवाक्यता केली होती, क्लेमंटनें आपल्या. आतां सबंध देशाचा प्रश्न होता. व्हिट्वर्थनें तो फार शहाणपणानें सोडविला. आपल्या कारखान्याचें माप सर्वांवर लादण्याऐवजीं त्यानें ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि त्यांची सरासरी काढली. १८४१ सालीं सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें त्यानें हें कोष्टक मांडलें: पाव इंचाच्या बोल्टाला इंचास २० आटे, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८, आणि आट्याचा कोन ५५ अंश. प्रत्येकाला थोडें सोडावें लागलें. परंतु प्रत्येकाचें कांहीं ना कांहीं त्यांत राहिलें. म्हणूनच तें सर्वांनीं हळूहळू आपलेंसें केलें. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळीं जॉन पेन या कारखानदाराला तोफांच्या नावांसाठीं सुमारे ९० दिवसांत सुमारे ९० यंत्रें हवीं होतीं. त्यानें नमुन्याचे भाग देशांतील निरनिराळ्या कारखान्यांकडे वांटून दिले, आणि तयार होऊन आलेले भाग एकत्र जुळले. एक आटा नसता तर ही गोष्ट घडलीच नसती.

येथवरची कथा ऐकून कोणास वाटेल कीं, विद्येच्या या उदार देवघेवींत सर्वांचें कल्याणच झालें. इतिहास इतका सरळ नाहीं. ज्या सरकत्या बैठकीला जुन्या कारागिरांनीं पांगुळगाडा म्हटलें, तिनें खरोखरच त्यांच्या मनगटाची किंमत उतरविली. पोर्ट्समथच्या १०० माणसांचा हिशेब वर आलाच आहे. मँचेस्टरकडील सूत काढणाऱ्या कामगारांनीं संप केला तेव्हां गिरणीवाले रॉबर्ट्सकडे गेले, आणि त्यानें १८२५ सालीं आपोआप चालणारें सुताचें यंत्र करून दिलें. स्वतः रॉबर्ट्सहि १८६४ सालीं दारिद्र्यांतच मेला. नॅस्मिथनें आपल्या कारखान्यांत रीतसर उमेदवारी न केलेले मजूर यंत्रांवर लावले आणि कामगारांच्या संघटनेशीं त्याचें वांकडें आलें. वास्तविक मॉड्स्लेलाहि रीतसर उमेदवारीवांचूनच ब्रामाकडे प्रवेश मिळाला होता. परंतु त्या दिवशीं एक कसबी हात आंत आला. आतां कसबावांचून काम भागूं लागलें, हा भेद लहान नव्हे.

मग कारागिरांनीं आपल्या बाजूनेंहि एक देवघेव सुरू केली. यंत्रकामगारांच्या निरनिराळ्या मंडळ्यांत अशी वहिवाट होती कीं, बेकार झालेल्या सभासदानें मंडळीचें कार्ड खिशांत घालून पायीं निघावें. प्रत्येक गांवीं मंडळीची बसण्याची जागा ठरलेली असे. तेथें कार्ड दाखविलें कीं रात्रीपुरतें अंथरूण, थोडें खाणें, चार पैसे आणि कोणत्या कारखान्यांत जागा आहे याची खात्रीची बातमी मिळे. आलेला पाहुणाहि रिकाम्या हातानें येत नसे. दुसऱ्या गांवीं कोणतें काम कसें करतात, हें तो सांगे. या मंडळ्यांपैकीं बऱ्याच एकत्र होऊन १८५१ सालीं विल्यम न्यूटन व विल्यम ॲलन यांच्या प्रयत्नानें इंजिनियर कामगारांचा संयुक्त संघ स्थापन झाला. आठवड्याची वर्गणी एक शिलिंग होती, आणि वर्ष संपण्यापूर्वीं सभासद ११,०००च्या घरांत गेले. १८५२च्या जानेवारींत मालकांनीं कारखान्यांचीं दारें बंद केलीं आणि संघ सोडल्याची लेखी कबुली मागितली. एप्रिलमध्यें कामगारांना हार खावी लागली. पुष्कळांनीं पोटासाठीं त्या कागदावर सह्याहि केल्या. परंतु संघ मोडला नाहीं. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियास निघालेल्या कांहीं सभासदांनीं ‘फ्रान्सेस वॉकर’ या जहाजावरच, भर समुद्रांत, आपल्या संघाची सिडनीची शाखा स्थापन केली. नव्या देशीं पाऊल पडण्यापूर्वीं एकमेकांचा आधार तयार असावा, ही त्यांतील दूरदृष्टि होती.

बांकावरचें संभाषण पुढें छापून निघूं लागलें. १८६५ सालीं लंडनांत सुरू झालेल्या ‘इंग्लिश मेकॅनिक’ या साप्ताहिकाची प्रतिष्ठा त्यांतील वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर उभी होती. एकानें विचारावें, दुसऱ्यानें उत्तर द्यावें, तिसऱ्यानें तें दुरुस्त करावें. पुष्कळजण टोपणनांवानें लिहीत. त्यामुळें विचारणाऱ्याला अज्ञानाची लाज नसे आणि सांगणाऱ्याच्या हुद्द्याला मान देण्याचा प्रसंग नसे. शेंदराचा पाट जणूं कागदावर आला होता.

या परंपरेची एक लाट मुंबईच्या किनाऱ्यालाहि फार लवकर लागली. वाडिया घराण्यानें मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८२९ सालीं पाण्यांत उतरली, तिचीं बाष्पयंत्रें मॉड्स्लेच्याच कारखान्याचीं होतीं. १८३० सालीं ती मुंबईहून सुएझला ३२ दिवसांत पोंचली. पुढें रेल्वे व गिरण्या आल्या आणि त्यांच्याबरोबर व्हिट्वर्थचे आटे आले. इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणून आमच्या मिस्त्र्यांनीं तें माप आपल्या बोलीत बसवून टाकलें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंतील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखानदारीची वाट धरली. १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि दहाच वर्षांनीं तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र निघूं लागलें. लोखंड कातणाऱ्यांना आपली वार्ता चार लोकांत बोलावीशी वाटावी, हा लँबेथचा धर्म कृष्णाकांठीं निराळ्या रूपानें प्रकट झाला. १९४१ सालीं तर हरिहर येथें किर्लोस्करांनींच लेथ तयार करण्याचा कारखाना काढला.

लँबेथचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडला. व्हिट्वर्थच्या आट्यांची जागाहि कालांतरानें बव्हंशीं मेट्रिक आट्यांनीं घेतली. मॉड्स्लेचा जुना लेथ आणि त्याचा ‘लॉर्ड चॅन्सेलर’ लंडनच्या विज्ञानसंग्रहालयांत स्वस्थ बसून आहेत. परंतु कोणत्याहि कारखान्यांत एखादा नवखा पोऱ्या बिघडलेला तुकडा हातांत घेऊन घुटमळत उभा असतो, आणि शेजारचा जुना मिस्त्री स्वतःचें काम थांबवून, चिंधीनें हात पुसत त्याच्याजवळ येतो. त्या दोघांस मॉड्स्लेचें नांवहि ठाऊक नसतें. काम मात्र त्याच्याच रीतीनें पुढें चालू होतें.